मावेल तेवढं पाणी

“आई, ‘मावेल तेवढं’ म्हणजे किती मिलिलिटर?”

लेकीचा हा प्रश्न म्यूनिकहून आला. तिच्यापुढे परात होती, परातीत ज्वारीचं पीठ होतं आणि फोन बहुधा साखरेच्या डब्याला टेकवलेला होता, कारण मला तिच्या चेहऱ्याऐवजी छत आणि अर्धा कान दिसत होता. मी म्हटलं, “अगं, किती घ्यायचं ते पीठच सांगतं.” “माझं पीठ काही बोलत नाहीये,” ती म्हणाली आणि पुढची दहा मिनिटं दोघीही फुरंगटून होतो.

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घरात मीठ चमच्याने मोजतात, तांदूळ वाटीने, आणि केकपुरती का होईना, साखर वजनकाट्यावरही चढते. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाची सवय कितीतरी मराठी स्वयंपाकघरांना लागली. माझ्या आईची प्रत हळदीच्या बोटांनी पिवळी पडली आहे. पण आमच्याकडे पाणी मात्र मापाबाहेरच राहिलं. त्याला आम्ही ‘बेताचं’ म्हणतो, ‘मावेल तेवढं’ म्हणतो, ‘बोटभर वर’, ‘हबका’, ‘शिपका’, ‘पाण्याचा हात’ म्हणतो. शब्दांची ही रेलचेल उगीच नाही. रोजच्या स्वयंपाकातल्या माझ्या कुरकुरी घ्या. न शिजलेली डाळ, तुटणारी भाकरी, गिचका झालेली खिचडी, उतू गेलेलं दूध. कारण शोधत गेलं की बहुतेकदा गाडी पाण्यापाशी येऊन थांबते. किती पाणी, कसलं, किती तापलेलं आणि कधी घातलेलं.

‘कसलं’पासून सुरुवात करते, कारण मार्च ते जून तेच माझं रोजचं दुखणं असतं.

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. तो आल्याचं मला खिडकीतून कळत नाही, कुकरमधून कळतं. एरवी चार शिट्ट्यांत लोणी होणारी तूरडाळ सात शिट्ट्या झाल्या तरी तशीच बसलेली असते. झाकण उघडावं तर वर पिवळं पाणी, तळाशी डाळ, आणि रवी फिरवली की डाळ मोडण्याऐवजी बाजूला सरकते. पहिल्या वर्षी मी वाण्याला दोष दिला, दुसऱ्या वर्षी कुकरच्या रबराला. तिसऱ्या वर्षी बाथरूमच्या नळावर धरलेला पांढरा थर खरवडताना लक्षात आलं की हा थर आणि ती डाळ, दोन्हींचा गुन्हेगार एकच आहे.

शाळेत ‘दुष्फेन’ आणि ‘सुफेन’ असे दोन शब्द पाठ केले होते. साबणाला फेस न येणारं पाणी ते दुष्फेन, येणारं ते सुफेन. परीक्षेनंतर ते शब्द पुन्हा कुठे भेटले नाहीत. बोलताना आपण ‘पाणी जड आहे’ म्हणतो आणि सोडून देतो. पाऊस जमिनीत मुरतो, दख्खनच्या काळ्या कातळाच्या भेगांमधून वर्षानुवर्षं झिरपतो आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार उचलतो. त्यामुळे धरणातून आलेल्या पाण्यापेक्षा बोअरचं पाणी सहसा जड असतं. भारतीय मानक संस्थेच्या निकषात पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असं म्हटलं आहे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. हा आकडा पिणाऱ्यासाठी आहे. वरणाचा विचार त्यात कोणी केलेला नाही.

आता डाळीत काय होतं ते. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे. जॅम ज्याने धरतो तेच हे पेक्टिन. विटांच्या भिंतीत चुना असतो तसं ते पेशींच्या मधे असतं. डाळ शिजते म्हणजे हा चुना उष्णतेने विरघळतो आणि विटा सुट्या होतात. वरण एकजीव होतं ते त्यामुळे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींत अडकवून बसतं आणि भिंत आणखी पक्की होते. चुन्याची उपमा इथे निव्वळ उपमाही राहत नाही, कारण नळावरचा थर आणि भिंतीतला चुना हे रसायनाच्या नात्याने चुलत भाऊच आहेत.

उपाय साधे आहेत. उन्हाळ्यात डाळीला मी प्यायचं गाळलेलं पाणी घालते. आमच्या घरातल्या आरओ यंत्राचा सर्वांत प्रामाणिक उपयोग हाच. ते नसेल तर पाणी खळखळून उकळून, निवू देऊन, वरचं वर ओतून घ्यायचं. काही क्षार तळाशी बसतात, सगळे नाही. चिमूटभर सोडा घातला तर डाळ झटकन शिजते, कारण अल्कलीत पेक्टिन लवकर तुटतं. मात्र त्याच सोड्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्वही बरंचसं नष्ट होतं आणि वरणाला एक साबणी वास येतो, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. राजमा-छोले भिजवताना मात्र पाण्यात चमचाभर मीठ खुशाल घाला. ‘मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही’ हे मी कितीतरी वर्षं ऐकलं आणि पाळलं. प्रत्यक्षात भिजवणीच्या पाण्यातल्या मिठाचं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते.

आंबटाची गोष्ट वेगळी. एका रविवारी ह्यांनी ‘सगळं एकदम टाकू, वेळ वाचेल’ म्हणून कुकरमध्ये डाळीबरोबर चिंचेचा कोळ आणि दोन टोमॅटो घातले. वेळ वाचला नाहीच, उलट आमटी करायला पुन्हा नवी डाळ लावावी लागली. आंबटात पेक्टिन विरघळायला तयार नसतं. म्हणून आमसूल असो की चिंच, ते डाळ पुरती शिजल्यावर, आमटीला उकळी येताना पडतं. आजीने हा क्रम कोणाकडून शिकला असेल देव जाणे, पण तिच्या आमटीत डाळीचा दाणा कधी दाताखाली आला नाही.

पाणी चांगलं आणि क्रम बरोबर असूनही डाळ अडून बसली तर ती जुनी आहे. वर्षाची डाळ एरंडेल तेलाचा हात लावून डब्यात भरण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. त्या तेलाने कीड लांब राहते, म्हातारपण नाही. दमट आणि गरम जागी डाळ महिनोन्‌महिने राहिली की दाण्यातच साठवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळं होतं आणि पेक्टिनला जाऊन चिकटतं. म्हणजे जड पाणी बाहेरून जे करतं तेच जुनी डाळ आतून करते. अशी डाळ रात्रभर भिजवूनही हट्ट सोडत नाही. ती दळून पिठात घालावी.

शिट्टीबद्दल दोन शब्द, कारण आपण घड्याळाऐवजी शिट्ट्यांवर चालतो. कुकरचा मूळपुरुष दनी पापँ हा फ्रेंच माणूस. त्याने १६७९ मध्ये घट्ट झाकणाचं एक भांडं केलं, हाडंसुद्धा मऊ करणारं, आणि ते फुटू नये म्हणून त्याला वाफ सोडणारी झडप बसवली. १६८२ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवायलाही घातलं. तत्त्व आजही तेच आहे. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि वरच्या वीस अंशांत डाळ कितीतरी लवकर शिजते. महाबळेश्वरला उलटा प्रकार. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांतच उकळून मोकळं होतं, म्हणून भात रेंगाळतो.

पण शिट्टी म्हणजे वेळ नाही. शिट्टी म्हणजे जादा झालेली वाफ बाहेर पडली, एवढंच. आच मोठी असेल तर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक असेल तर वीस मिनिटं लागतात. ‘माझ्याकडे तीन शिट्ट्यांत होतं’ हे शेजारणीचं वाक्य म्हणूनच तुमच्या काही कामाचं नाही. पहिली शिट्टी होऊ द्यावी, आच मंद करावी आणि मग मिनिटं मोजावीत. शिट्टीतून डाळीचं पिवळं पाणी फुरफुरत फरशांवर उडतं, त्या दुखण्याचंही मूळ फेसात आहे. डाळीतली प्रथिनं आणि सॅपोनिनं फेस धरतात आणि तो फेस वाफेबरोबर वर चढतो. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही आणि डाळीत चमचाभर तेल टाकायचं. तेलाने फेस बसतो. हळद-हिंगाबरोबर तेल घालण्याची जुनी रीत त्यासाठी अगदी बरोबर आहे.

आता पुन्हा म्यूनिक. तिथलं नळाचं पाणीही चांगलंच जड. लेकीच्या किटलीत पांढरे पोपडे धरतात आणि काळ्या चहावर तेलकट दिसणारा तवंग येतो. तो तेलाचा नसतो. चहातल्या द्रव्यांची आणि कॅल्शियमची ती साय असते. पण तिची त्या दिवशीची तक्रार पाण्याची नव्हती, पिठाची होती. किंवा पिठाची नव्हती, पाण्याचीच होती. सांगते.

माझं माहेर सोलापूरकडचं. तिथे पिठाला ‘विरी’ असते किंवा नसते. हा शब्द मला पुण्यात सोळा जणींना समजावून सांगावा लागला आहे. विरी म्हणजे पिठाचा धरून राहण्याचा गुण. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं ताजं दळण असेल तर त्याला अशी विरी असते की भाकरी हातावर फिरवत मोठी करता येते. तेच पीठ महिनाभर डब्यात राहिलं की आई म्हणायची, ‘विरी गेली गं,’ आणि मग भाकरीच्या कडा चिरत जायच्या, उचलताना मधोमध तुकडा पडायचा. बाजरीचं पीठ त्याहून नाजूक. बाजरीत ५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. दळताना तो मोकळा होतो आणि पिठातलीच विकरं त्याला फोडायला लागतात, म्हणून आठ-दहा दिवसांत ते कडवट लागतं. संक्रांतीला बाजरीचं दळण आयत्या वेळी आणायला मला पिटाळायचे ते त्यासाठी.

गव्हात हा प्रश्न येत नाही, कारण गव्हात ग्लुटेन आहे. पाणी घालून मळलं की त्याची जाळी तयार होते, कणीक ताणली जाते, थोडी मुरू दिली की आणखी मऊ पडते. ज्वारीत ती जाळीच नाही. मग भाकरी धरून ठेवणार कोण? स्टार्च. स्टार्चच्या कणाला साधारण ७० अंशांच्या वरचं पाणी भेटलं की तो फुगतो, फुटतो आणि चिकट होतो. पीठ थंड पाण्यात भिजवलं तर हे काहीच होत नाही, नुसती ओली वाळू हाती येते. म्हणून पिठात आळं करून त्यात आधण ओततात. आधण म्हणजे उकळतं पाणी, कोमट नव्हे. आधी उलथन्याने कालवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. पिठाचा काही भाग अशा रीतीने आधीच शिजतो आणि उरलेल्याला धरून ठेवतो. ताज्या पिठाला कोमट पाणीही पुरतं. जुन्याला आधणाशिवाय इलाज नाही.

म्यूनिकच्या भारतीय दुकानातलं पीठ किती महिन्यांचं असेल याचा हिशेब पिशवीवरच्या तारखेतून केला आणि तिचं पीठ का बोलत नव्हतं ते कळलं. मी पाणी ‘किती’ यावर अडून बसले होते. अडचण ‘किती गरम’ यात होती. आणि ‘किती’चं नेमकं उत्तर मला देता येणारच नव्हतं. पीठ किती जाड दळलंय, डब्यात किती दमट हवा शिरली, बाहेर जानेवारी आहे की जुलै, यावर पाणी बदलतं. कोरड्या थंडीत एकच पीठ दोन चमचे जास्त पितं. ‘मावेल तेवढं’ हे टाळाटाळीचं उत्तर वाटतं, पण माझ्याकडे त्याहून अचूक उत्तर नाही.

थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात. ती नजाकत नव्हे. त्या ओलीने वरचा पापुद्रा पटकन कोरडा होऊन चिरत नाही, शिजून सलग होतो. मग आतलं पाणी वाफ होऊन पळायला बघतं, त्याला दोन्ही बाजूंनी वाट मिळत नाही आणि भाकरी टम्म फुगते. पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटली तर ती तव्याला चिकटते, उशिरा उलटली तर पापुद्र्याला तडा जातो. हा क्षण सांगायला माझ्याकडे एकच खूण आहे, वरची चकाकी गेली की उलट. लेकीने ते वहीत लिहून घेतलं. ‘चकाकी’च्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

माझं सासर रत्नागिरीचं, तिथे ज्वारीचा संबंध नाही. पण सासूबाईंनी मला मोदकाची उकड शिकवली तेव्हा मला हसूच आलं, कारण रसायन तेच. तांदळातही ग्लुटेन नाही. वाटीला वाटी पाणी, उकळी, त्यात तूप-मीठ, मग पिठी, झाकण, एक वाफ, आणि गरम असतानाच तेला-पाण्याच्या हाताने मळणं. आई ज्याला आधण म्हणते त्यालाच सासूबाईंनी पूर्ण विधी करून ठेवलं आहे. दोघी एकमेकींच्या पदार्थांना किंचित नाक मुरडतात ही गोष्ट वेगळी. पाण्याला वाटीचं माप असलेला आमच्या घरातला हा दुर्मीळ पदार्थ, आणि तिथेही सासूबाई पुढे म्हणतातच, “नवा तांदूळ असेल तर दोन चमचे कमी घे.” नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि चिकट होतो. जुना तांदूळ जास्त पाणी पिऊन मोकळा राहतो. जुन्या डाळीला आपण शिव्या देतो आणि जुन्या तांदळाला जास्त पैसे देतो.

पाणी जास्त झाल्याची शिक्षा सगळ्यांत ठळक दिसते ती साबुदाण्याच्या खिचडीत. आईकडे त्याला शाबू म्हणतात. चतुर्थीच्या दिवशी सकाळी कढईतून एकसंध गोळा निघाला की घरातल्या उपासकऱ्यांचे चेहरे बघवत नाहीत.

मुळात साबुदाणा हा दाणाच नाही. आग्नेय आशियात सागो नावाच्या ताडाच्या खोडातल्या गाभ्यापासून तो करत. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमच्या आसपास. कंद सोलून, कुटून, धुऊन त्याचं दूध काढतात. टाक्यांत तळाशी बसलेलं ओलं सत्त्व हलवून-हलवून गोळ्या करतात, त्या तापलेल्या तव्यांवर भाजतात आणि उन्हात वाळवतात. म्हणजे साबुदाणा हा निव्वळ स्टार्च, भाजल्यामुळे वरचं आवरण जेमतेम धरलेलं. भिजताना त्याने आत पुरेसं पाणी घ्यायचं आणि बाहेर एक थेंब ठेवायचा नाही, एवढंच आपलं काम.

त्यासाठी तो आधी तीन पाण्यांत चोळून धुवावा लागतो, म्हणजे सुटी पिठूळ निघून जाते. मग पाणी दाण्यांच्या जेमतेम वर येईल इतकंच ठेवायचं. चार-पाच तासांनी दाणा दोन बोटांत चिरडून बघायचा. विनासायास लगदा झाला तर झालं, मधे खडा लागला तर पाण्याचा हबका मारून आणखी तासभर. कढईत जादा पाणी असलं की स्टार्च फुगून आवरण फोडतं, बाहेर आलेला चिकटा शेजारच्या दाण्याला धरतो आणि खेळ संपतो. टॅपिओकाच्या स्टार्चमधला मोठा वाटा अमायलोपेक्टिनचा असतो. चिकटपणा आणि तार त्याचीच. दाण्याचं कूट भिजलेल्या साबुदाण्याला आधीच चोळून ठेवतात ते चवीपुरतं नाही. कूट वरचं पाणी टिपतं आणि त्यातलं तेल दाण्याला लेपून एकमेकांपासून लांब ठेवतं. झाकण ठेवायचा मोह होतो, पण वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन खाली पडते आणि आपण टाळलेलं पाणी चोरपावलांनी परत येतं. ठेवायचंच तर दोन मिनिटं, आणि झाकण सरळ उचलायचं नाही, तिरकं करून बाजूला न्यायचं.

या खिचडीची मला सगळ्यांत आवडती बाब मात्र तिच्या चवीत नाही, तिच्या पत्रिकेत आहे. टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चारही अमेरिका खंडांतले. पोर्तुगीज जहाजं यायच्या आधी यातलं काहीही आपल्याकडे नव्हतं. गहू, तूरडाळ, वांगं, जे शतकानुशतकं इथलं, ते उपासाला चालत नाही, आणि सातासमुद्रापलीकडून आलेली ही चौकडी पाटावर बसते. साजूक तूप आणि जिरं तेवढं आपलं. जिऱ्याबद्दलही काही घरांत वाद आहे.

दुधाचं थोडक्यात उरकते, कारण ते उतू जायला तेवढाच वेळ घेतं. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, पण पाणी कधी उतू जात नाही, दूध जातं. पाण्यातला वाफेचा बुडबुडा वर येऊन फुटतो. दुधात प्रथिनं त्या बुडबुड्याला पातळ कातडं घालतात आणि पृष्ठभागावर साय धरते, म्हणून बुडबुडे न फुटता एकावर एक रचले जातात. साय वर उचलली जाते आणि तुम्ही दारावरच्या कुरिअरवाल्याला ओटीपी सांगत असता. पातेल्यावर आडवा लाकडी डाव ठेवला तर वर आलेले काही बुडबुडे त्याला लागून फुटतात, तेवढा वेळ मिळतो, खात्री नाही. तळाशी बशी पालथी ठेवणं त्याहून बरं. वाफ तिच्याखाली साठून मोठ्या बुडबुड्याने भुडूक करून बाहेर पडते, दूध ढवळलं जातं आणि आवाजाने आपण जागे होतो. पातेलं आधी पाण्याने विसळून, न पुसताच दूध ओतलं तर तळाला कमी लागतं. पाण्याचा तो पातळ थर दूध आणि तापलेल्या धातूच्या मधे येतो. भेंडीला नेमकं उलट. धुऊन कोरडी केल्याशिवाय चिरली की तिच्यातला बुळबुळीत पदार्थ पाण्यात सुटतो आणि भाजीला तारा येतात. मग दोन आमसुलं टाकायची, आंबटाने तार तुटते. डाळीत नडणारं आंबट भेंडीला तारतं.

लेकीची भाकरी त्या आठवड्यात जमली. चित्र आलं. वर्तुळ म्हणावं असं नव्हतं, पण पापुद्रा सुटला होता. भाकरी झाली म्हणजे ठेचा हवाच, म्हणून तिने मिरच्या-लसूण तव्यावर भाजले, मीठ घातलं, खलबत्ता नव्हता तर पेल्याच्या बुडाने रगडले आणि बाजूला पडलेलं बोटाने गोळा केलं. रात्री तिचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. हाताची आग होत होती, आणि मधे कधीतरी तिने डोळा चोळला होता.

“तीनदा धुतलं गं, पाण्याखाली धरलाय हात कधीचा. कमीच होत नाहीये.”

होणार नव्हतंच. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तेलात विरघळतं. शिवाय ती खरी भाजलेली जखमही नसते. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही-१ नावाचं. साधारण ४३ अंशांच्या वर तापलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन तेच दार थंड हातावरही उघडून ठेवतं. हे दार शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. आपल्याकडे मिरची ‘झोंबते’ आणि हाताची ‘आग’ होते. मज्जातंतूंनाही अगदी तसंच वाटतं.

हे सगळं मी तिला तेव्हा सांगितलं नाही. डोळ्यापुरतं स्वच्छ पाणी, भरपूर, उघडझाप करत. तेल डोळ्याजवळही न्यायचं नाही. हाताला मात्र खोबरेल चोळून, मग साबण लावून पुसून काढायचं, पुन्हा तेल, पुन्हा साबण. जीभ भाजली असेल तर दूध किंवा दही. त्यातलं केसीन कॅप्सेसिनला धरून घेऊन जातं.

“आणि हाताला पाणी? किती वेळ धरू?”

“अजिबात नको. शून्य मिलिलिटर.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग हुंदक्यातूनच ती म्हणाली, “थांब, हे लिहून घेते.”